व्हॉट्सअ‍ॅपवरील दुआ आणि मोहल्ल्यातील जमात

दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या वऱ्हाडातील मोहल्ल्यांत कोणाचा इंतेकाल झाला की मस्जिदच्या लाउडस्पीकरवरून ऐलान होत असे. मरहूमचे नाव, वालिदचे नाव, घर कोणत्या गल्लीत, जनाजा किती वाजता आणि कोणत्या कब्रस्तानात. ऐलान सुरू झाले की हातातले काम थांबायचे, बायका खिडकीशी यायच्या. नाव नीट ऐकू आले नाही तर लहान मुलाला धाडून खात्री करून घेतली जायची.

आता ही खबर आधी मोबाईलवर येते. ‘इन्ना लिल्लाहि...’ने सुरू होणारा संदेश अमरावतीच्या वलगाव रोडवरून निघतो आणि मिनिटभरात अकोल्याच्या अकोट फैलात, पुण्याच्या वसतिगृहात, दुबईच्या खोलीवर पोहोचतो. त्याखाली दुआंची रांग लागते. कोणी मगफिरतची दुआ लिहितो, कोणी नुसते ‘आमीन’. संध्याकाळपर्यंत मरहूमच्या नावे कुरआनचे पारे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी खत्म पूर्ण झाल्याचा संदेश येतो.

ही सोय मोठी आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच आहे, की या गटांतून आपली जमात अधिक घट्ट होत आहे, की ‘आमीन’ लिहून आपण मोकळे होत आहोत? आपल्या मुलांची मुसलमान म्हणून जी ओळख घडते आहे, तिच्यात मोहल्ल्यातील मस्जिदचा वाटा किती आणि हातातल्या पडद्याचा किती? आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे. दिवसभर मुलांमध्ये वावरतो आणि संध्याकाळी याच गटांमध्ये असतो. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा असे वाटले.

मस्जिदचे दरवाजे बंद झाले तेव्हा

हे गट काही २०२० साली जन्मले नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत आपल्याकडे घराघरांत व्हॉट्सअ‍ॅप पोहोचले. तेव्हापासून मस्जिद कमिटीचा एक गट, खानदानाचा एक गट, मदरशाच्या पालकांचा एक गट असे चालत आले. पण त्यांचे खरे महत्त्व कळले ते लॉकडाऊनमध्ये.

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. त्याआधीच, मार्चच्या सुरुवातीला, मक्केतील काबाभोवतीचा तवाफ काही काळ थांबवण्यात आला होता. कुवेतमध्ये मुअज्जिनने अजानमध्येच लोकांना घरी नमाज अदा करण्यास सांगितल्याचे व्हिडिओ आपण सर्वांनी पाहिले. अनेकांना ते नवीन वाटले. पण अतिपावसाच्या दिवशी अशीच सूचना अजानमध्ये देण्यात आल्याचे हदीसच्या ग्रंथांत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून नमूद आहे. देवबंदच्या दारुल उलूमनेही लोकांनी घरीच नमाज अदा करावी, असे आवाहन केले.

त्या वर्षी आपल्याकडे रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. अकोल्याचा बैदपुरा आणि त्यासारखे दाट वस्तीचे मोहल्ले प्रतिबंधित क्षेत्रात होते. पत्रे ठोकून गल्ल्या बंद केलेल्या, वर वऱ्हाडातील वैशाखाचे ऊन, आणि मस्जिदीत इमामासह मोजकी तीन-चार माणसे. तरावीह घराघरांत झाली. ज्या घरात हाफिज होता ते घर नशीबवान. बाकीच्यांनी पाठ असलेल्या लहान सुऱ्यांवर तरावीह अदा केली. २५ मेची ईद ईदगाहविना झाली. जनाज्याला वीसपेक्षा अधिक माणसांना परवानगी नव्हती. सख्खा भाऊ अमरावतीत वारला आणि अकोल्याचा भाऊ नव्वद-शंभर किलोमीटर ओलांडून मातीला येऊ शकला नाही, अशी दुःखे त्या काळात किती तरी घरांनी सोसली.

महाराष्ट्रातील धार्मिक स्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. पण आपल्या भागाला उसंत मिळाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूरमध्ये पुन्हा लॉकडाऊन जाहीर झाला, अकोल्यातही निर्बंध आले. पुढे एप्रिलमध्ये राज्यभर मस्जिदी, मंदिरे, सगळे परत बंद झाले, ते थेट ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. म्हणजे लागोपाठ दोन रमजान आपण मस्जिदविना काढले.

या काळात माणसांना एकमेकांशी बांधून ठेवण्याचे काम फोनने केले. झूमच्या मोफत बैठकीला चाळीस मिनिटांची मर्यादा होती. त्यामुळे दर्स देणारे मौलाना पस्तीस मिनिटांत बोलणे आटोपून पाच मिनिटे दुआसाठी राखू लागले. बैठक तुटली की तीच लिंक परत दाबायची. ज्या आजोबांनी कधी फोनचे कुलूप स्वतः उघडले नव्हते, ते नातवाकडून ‘म्यूट’ आणि ‘अनम्यूट’ शिकले.

पारे कसे वाटले जातात

ज्यांच्या घरी हा प्रकार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणी आजारी असेल, कोणाचा इंतेकाल झाला असेल, मुलाची परीक्षा किंवा मुलीचे लग्न असेल, तर गटात दुआची दरख्वास्त येते. मग एक बाजी एक ते तीस आकड्यांची यादी टाकतात. प्रत्येकाने आपल्याला जमेल त्या आकड्यापुढे नाव लिहायचे आणि यादी पुढे सरकवायची. तासाभरात तीसही पारे वाटले जातात. वाचून झाले की आकड्यापुढे बरोबरची खूण. शेवटचा पारा झाला की कोणी बुजुर्ग आवाजी संदेशात दुआ मागतात आणि सगळे आमीन म्हणतात. आयते करीमा किंवा दरूद शरीफचा हिशोबही असाच. कोणी पाचशे, कोणी हजार, बेरीज वाढत जाते.

आपल्यामध्ये मसलकाचे फरक आहेत. मरहूमच्या नावे एकत्र कुरआनखानी करावी की नाही, खत्मची ही पद्धत कितपत योग्य, यावर उलमांची मते वेगवेगळी आहेत. आम्ही त्या वादात शिरत नाही. प्रत्येकाने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. आम्हाला इथे दुसरी गोष्ट सांगायची आहे. घरकामात दिवस घालवणारी, अनेक वर्षांत कुरआन उघडायला सवड न मिळालेली बाई त्या यादीत सतराव्या पाऱ्यापुढे आपले नाव लिहिते आणि रात्री सगळे निजल्यावर तो पारा वाचते, कारण तीस माणसांना तिच्यावर अवलंबून राहावे लागते. तिने वाचला नाही तर खत्म अडेल. ‘माझ्याविना हे काम पूर्ण होत नाही’ ही भावना माणसाला जमातीशी बांधते. मस्जिदीतील सफमध्ये रिकामी जागा ठेवू नये, खांद्याला खांदा लावून ती भरावी, यामागेही हाच धडा आहे.

आणि दुआचे तर वैशिष्ट्यच असे, की तिला अंतराची अट नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू दर्दा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा आहे, की एखादा मुसलमान आपल्या भावासाठी त्याच्या गैरहजेरीत दुआ मागतो, तेव्हा फरिश्ता आमीन म्हणतो आणि तुलाही तेच मिळो असे म्हणतो. अकोल्यात बसून अमरावतीच्या रुग्णासाठी मागितलेली दुआ ही या हदीसच्या अगदी जवळची गोष्ट आहे. फक्त एक बारकावा लक्षात ठेवावा. या हदीसमध्ये गौरव आहे तो पाठीमागे मागितलेल्या दुआचा. गटात सर्वांसमोर हात जोडलेल्या चित्रासह लिहिलेली दुआ आणि रात्री एकट्याने मुसल्ल्यावर त्या माणसाचे नाव घेऊन मागितलेली दुआ, या दोन्हींत दिखाव्याचा धोका कुठे अधिक आहे, हे ज्याचे त्याने ओळखावे.

दुआ होते, मग नमाज का नाही?

लॉकडाऊनमध्ये मुलांनी आम्हाला हा प्रश्न वारंवार विचारला. ‘सर, झूमवर वर्ग होतो, दर्स होतो, दुआ होते, मग इमामसाहेबांच्या मागे झूमवर जुमा का होत नाही?’ प्रश्न चांगला आहे आणि तो आजचाही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास रेडिओबाबत तो विचारला गेला होता. मोरोक्कोचे आलिम अहमद अल-गुमारी यांनी रेडिओवरून ऐकू येणाऱ्या इमामामागे घरी जुमा अदा करता येईल, या बाजूने ग्रंथ लिहिला. पण बहुसंख्य उलमांनी ते मान्य केले नाही. २०२० साली अमेरिका आणि कॅनडातील काही छोट्या गटांनी ऑनलाइन जुमा केला, तेव्हाही बहुतेक फिक्ह परिषदांनी आणि दारुल इफ्तांनी नकारच दिला.

कारण काय? जमातीच्या नमाजसाठी इमाम आणि मुक्तदी यांची जागा एक असावी लागते किंवा सफ एकमेकींना जोडलेल्या असाव्या लागतात. हनफी फिक्हमधील जुने उदाहरण आपल्या वऱ्हाडी माणसाला लगेच कळेल. इमाम आणि मागची माणसे यांच्यामध्ये बैलगाडी जाऊ शकेल एवढा रस्ता मोकळा असेल, किंवा नाव चालेल अशी नदी असेल आणि सफ जोडलेली नसेल, तर ती इक्तिदा होत नाही. ज्या फिक्हने मध्ये बैलगाडीची वाट आली तरी हरकत घेतली, ती मध्ये अख्खे मूर्तिजापूर आणि बडनेरा असताना कशी मान्यता देईल?

याचा अर्थ उलमा नव्या साधनांच्या विरोधात आहेत असा नाही. लाउडस्पीकर नवीन होता तेव्हा नमाजमध्ये तो वापरावा की नाही, यावर आपल्या देशात खूप चर्चा झाली. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी नव्या यंत्रांच्या शरई आदेशांवर उर्दूत स्वतंत्र पुस्तक लिहिले. सुरुवातीच्या शंका पुढे दूर झाल्या आणि आज लाउडस्पीकरविना मोठी मस्जिद कल्पनेतही येत नाही. म्हणजे साधन आवाज पोहोचवत असेल तर ते स्वीकारले गेले. शरीराच्या हजेरीची जागा मात्र ते घेऊ शकत नाही, असे ठरले.

नमाजला शरीर लागते. उभे राहणे, वाकणे, कपाळ जमिनीला टेकणे, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लागणे. जमातीच्या नमाजचा सवाब एकट्याच्या नमाजहून सत्तावीस पटींनी अधिक असल्याचे हदीसमध्ये आले आहे. दूरवर बसून दुआ मागता येते, दर्स ऐकता येतो, सलाम पोहोचवता येतो. सफ मात्र जागेवरच लागते. मुलांना हा फरक नीट समजावून सांगितला की त्यांचा प्रश्नही सुटतो आणि मस्जिदची किंमतही कळते.

स्त्रियांना मिळालेली मजलिस

या गटांचा सर्वांत मोठा फायदा कोणाला झाला असेल तर तो आपल्या माता-भगिनींना. वऱ्हाडातील बहुतेक मस्जिदींत स्त्रियांच्या नमाजची सोय नाही. त्यांची दीनी मजलिस म्हणजे कोणाच्या तरी घरी आठवड्याची तालीम, महिन्याचा इज्तेमा, मिलाद किंवा कुरआनखानी. तिथे जाणे म्हणजे घरातील कामे उरकणे, मुलांना कोणाकडे तरी सोपवणे, सोबत शोधणे. नव्या सुनेला तर विचारून जावे लागते. त्यामुळे ज्यांना सर्वांत अधिक गरज, त्यांचीच गैरहजेरी.

फोनवरील दर्स सुरू झाला आणि भाकरी थापता थापता कानात इअरफोन घालून तफसीर ऐकणाऱ्या बायका दिसू लागल्या. तजवीद शिकवणाऱ्या आलिमा एका वेळी पाच-सहा जणींचा वर्ग घेऊ लागल्या. यात पन्नाशीच्या खाला आहेत, ज्यांनी लहानपणी मकतबमध्ये घाईघाईने नाजरा पूर्ण केला होता आणि ‘ह’चे दोन उच्चार असतात हे ज्यांना आता कळले. चूक सुधारताना त्यांना लाज वाटत नाही, कारण कॅमेरा बंद असतो. हैज-निफासचे, तलाकचे, वारसा हक्काचे जे प्रश्न त्या मौलानांना समोरासमोर विचारू शकत नव्हत्या, ते आलिमांना लिहून विचारता येतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या एकमेकींना सापडल्या. अकोल्यातून लग्न होऊन परतवाड्याला गेलेली मुलगी आपल्या माहेरच्या तालीमीत फोनवरून रोज बसते. विधवा झालेल्या बाईला इद्दतच्या काळात, जेव्हा ती घराबाहेर पडू शकत नाही, गटातील आवाज सोबत करतात. आमच्या पुरुष वाचकांना नम्र विनंती आहे, की घरातील स्त्री फोनवर दर्स ऐकत असेल तेव्हा त्या पाऊण तासात चहा मागू नये. आपण मस्जिदीत बसलेलो असताना आपल्याला कोणी चहा मागत नाही.

‘मी कोण’ याचे उत्तर

आता मुलांकडे वळू. आपल्या घरांत बोलली जाणारी भाषा उर्दू, तीही वऱ्हाडी वळणाची. बाजार, कचेरी, दवाखाना मराठीत. पूर्वी बहुतेक मुले उर्दू शाळेत जात. आता मराठी आणि इंग्रजी शाळांत शिकणारी मुले प्रत्येक खानदानात आहेत. त्यांना दुआ अरबीत पाठ असते, तिचा अर्थ उर्दूत सांगितला जातो आणि विचार मात्र ती मराठीत किंवा इंग्रजीत करतात. मौलानांच्या बयानमधील अर्धे शब्द त्यांच्या डोक्यावरून जातात. मग ती शुक्रवारी येतात आणि खुत्ब्यात पेंगतात.

अशा मुलांसाठी जेथे कोणी मराठीतून तफसीर सांगते, प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चरित्र मराठीतून समजावते, तेथे ती कान देऊन ऐकतात. कुरआनचा मराठी अनुवाद आज सहज मिळतो. गटात रोज दोन आयतींचा मराठी अर्थ येतो आणि मूल वर्गातील हिंदू मित्राला तोच अर्थ त्याच शब्दांत सांगू शकते. ‘मी मुसलमान आहे आणि मराठी बोलतो’ या वाक्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो म्हणून सांगतो, उर्दू जपलीच पाहिजे, पण दीन समजण्याआड भाषा येऊ देऊ नये.

ओळख घडण्याची दुसरी बाजूही आहे. पुण्यात किंवा हैदराबादला शिकायला गेलेला मुलगा नव्या शहरात एकटा असतो. खोलीवर फजरला उठवणारे कोणी नसते. मित्रांनी एकमेकांना फजरला फोन करून उठवायचे, असे छोटे गट मुलांनी स्वतः काढलेले आहेत. आम्हाला हे गट फार मोलाचे वाटतात, कारण त्यात भाषण नसते, फॉरवर्ड नसतो. फक्त ‘उठलास का?’ एवढाच प्रश्न असतो.

पण हेच एकटे मूल रात्री पडद्यावर दुसरेही काही शोधते. तिथे प्रत्येक मसलकाचा वक्ता दुसऱ्याला गुमराह ठरवत असतो. जो अधिक मोठ्याने बोलतो त्याचा व्हिडिओ अधिक फिरतो. मोहल्ल्याच्या मस्जिदीत वेगवेगळ्या मताची माणसे एकाच इमामामागे उभी राहतात, नमाजनंतर एकमेकांची तब्येत विचारतात. पडद्यावर मात्र माणूस फक्त आपल्यासारख्यांमध्ये राहतो. मत पटले नाही की गटातून बाहेर. सफमधून असे बाहेर पडता येत नाही, शेजारच्याला सहन करावे लागते. ही सहन करण्याची तालीम मुलाला मिळाली नाही तर त्याची ओळख दीनवर नव्हे, केवळ दुसऱ्याच्या विरोधावर उभी राहते.

दूरवरची जमात नवीन नाही

काही बुजुर्ग म्हणतात, ‘हा सगळा आजकालचा खेळ आहे.’ ते पूर्ण खरे नाही. आपल्याच अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे नक्शबंदी सिलसिल्याचे दख्खनमधील एक जुने केंद्र. या सिलसिल्याचे थोर बुजुर्ग शेख अहमद सरहिंदी (मृत्यू १६२४) यांनी आपल्या मुरीदांना आणि दरबारी माणसांना पाचशेहून अधिक पत्रे लिहिली. ती ‘मक्तूबात’ या नावाने प्रसिद्ध आहेत. पत्र एकाला जायचे, त्याच्या नकला अनेकांकडे फिरायच्या आणि दूरदूरच्या खानकाहींत ती वाचली जायची. कागदावरच्या त्या शब्दांनी सरहिंदपासून दख्खनपर्यंतची माणसे जोडली. पण ती पत्रे वाचून माणूस घरी बसत नव्हता. तो खानकाहत जात होता, तिथल्या लंगरमध्ये जेवत होता, समोरच्याकडून अदब शिकत होता.

इतर धर्मीयांचा अनुभवही असाच आहे. ईमेलवरून एकमेकांसाठी प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती गटांचा हायडी कॅम्पबेल या अभ्यासिकेने बराच काळ अभ्यास केला. त्यांचे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले. अशा गटांत रमलेली माणसे आपल्या गावातील चर्चला जाणे सोडून देतील, अशी भीती तेव्हा व्यक्त होत होती. त्यांना दिसले ते वेगळे. बहुतेक माणसांनी चर्च सोडले नाही, ऑनलाइन गट त्यांना पूरक ठरला. मात्र जी जवळीक आणि विचारपूस त्यांना गटात मिळत होती, ती आपल्या चर्चमध्येही मिळावी असे त्यांना वाटू लागले. आपल्या मस्जिद कमिट्यांनी यावर विचार करावा. माणसे फोनवर दुःख सांगतात ती बहुधा एवढ्यासाठी, की मस्जिदीत त्यांना कोणी विचारत नाही.

इंटरनेट बंद झाले तेव्हा

आपल्या दोन्ही शहरांना आणखी एक अनुभव आला आहे, जो सर्वांना आला नसेल. १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ रोजी अमरावतीत मोर्चा, बंद आणि दगडफेकीनंतर संचारबंदी लागली आणि इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका पोस्टवरून दोन गटांत हिंसाचार झाला, एका माणसाचा जीव गेला आणि तिथेही इंटरनेट बंद झाले.

या घटनांतून दोन धडे मिळतात. पहिला हा, की ज्या फोनवरून दुआ जाते त्याच फोनवरून आगही जाते. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे हे माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, असा हदीसचा आशय आहे. बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी तपासून घ्या, नाही तर अजाणता कोणाचे तरी नुकसान करून पस्तावाल, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे. चौदाशे वर्षांपूर्वीची ही शिकवण जणू आजच्या फॉरवर्डसाठीच आहे. अनेक अ‍ॅडमिन कायद्याच्या भीतीने गप्प असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली एका प्रकरणात स्पष्ट केले, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. पण कायद्यापुढे सुटलो तरी अल्लाहपुढे जाब द्यायचा आहे. दुआच्या गटात द्वेषाचा व्हिडिओ आला आणि आपण तो पाहून गप्प राहिलो, तर आपल्या ‘आमीन’ला काय अर्थ राहिला?

दुसरा धडा असा, की नेट बंद झाले आणि गट मुके झाले, तेव्हा कामी आला तो शेजार. संचारबंदीत घरात आजारी माणूस असेल तर औषध हजार किलोमीटरवरचा ‘आमीन’ लिहिणारा आणू शकत नाही. ते भिंतीपलीकडचा माणूस आणतो, मग तो मुसलमान असो की हिंदू. त्या दिवसांत ज्या गल्ल्यांत माणसे एकमेकांना चेहऱ्याने आणि नावाने ओळखत होती, तिथे भीती कमी होती. अल्लाहने माणसांची कुळे आणि जमाती केल्या त्या एकमेकांना ओळखण्यासाठी, असेही त्याच सूरह हुजुरातमध्ये सांगितले आहे. ओळखण्यासाठी भेटावे लागते.

सहा हक्कांची कसोटी

मग या गटांचे मोजमाप कसे करावे? सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये मुसलमानाचे मुसलमानावर सहा हक्क सांगितले आहेत. भेटला तर सलाम करणे, बोलावले तर जाणे, सल्ला मागितला तर हिताचा सल्ला देणे, शिंकून त्याने अल्लाहची स्तुती केली तर त्याला दुआ देणे, आजारी पडला तर भेटायला जाणे आणि वारला तर जनाज्यासोबत जाणे.

आता यादी पुन्हा वाचा. सलाम फोनवर होतो. सल्ला फोनवर देता येतो. दुआही फोनवर देता येते. उरलेल्या तिन्हींसाठी पाय उचलावे लागतात. दावतला जायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, जनाज्याला खांदा द्यायचा. म्हणजे फोन आपल्याला निम्म्या वाटेपर्यंत आणून सोडतो. पुढचा निम्मा रस्ता पायी आहे. ज्या गटातील माणसे तो रस्ता चालतात तो गट जमातीचा भाग आहे. ज्या गटात फक्त निम्म्यावर थांबून समाधान मानले जाते, तो गट कितीही मोठा असला तरी ती गर्दी आहे.

दोन्ही शहरांतील चांगले चाललेले गट पाहून काही गोष्टी आम्हाला करण्याजोग्या वाटतात. दुआची दरख्वास्त आली की अ‍ॅडमिनने त्याच मोहल्ल्यातील दोन माणसांना त्या घरी पाठवावे आणि गरज काय आहे ते पाहावे. रक्त, डबा, पैसे की नुसती सोबत. रुग्णाचे नाव, आजार आणि फोटो त्याच्या परवानगीविना गटात टाकू नयेत, विशेषतः स्त्रियांचे आणि मुलींच्या सोयरिकीचे तपशील. हदीस म्हणून आलेला कोणताही मजकूर ग्रंथाचे नाव आणि आलिमाची खात्री असल्याशिवाय पुढे पाठवू नये. ‘दहा जणांना पाठवा, नाही तर...’ अशा धमकीवजा संदेशांना दीनमध्ये काहीही आधार नाही, ते तिथेच थांबवावेत. अजान झाली की गट बंद, फोन खाली. स्त्रियांच्या गटाची अ‍ॅडमिन स्त्रीच असावी. महिन्यातून एकदा गटातील माणसांनी प्रत्यक्ष भेटावे, पुरुषांनी मस्जिदीत आणि स्त्रियांनी कोणाच्या तरी अंगणात. आणि मस्जिद कमिटीने जनाज्याचे ऐलान लाउडस्पीकरवरूनही करत राहावे. ज्या बुजुर्गांकडे फोन नाही तेच बहुधा मरहूमचे सर्वांत जुने सोबती असतात.

पालकांनी मुलांना एक सवय लावावी. मुलाने गटात कोणासाठी ‘आमीन’ लिहिले, तर त्याला विचारावे, ‘बेटा, ते आजोबा कुठे राहतात, ठाऊक आहे का?’ ठाऊक नसेल तर असरनंतर त्याचा हात धरून त्या घरी जावे. दारात सलाम करावा, दोन मिनिटे बसावे, पाणी प्यावे. मुलाला पुढच्या वेळी त्या नावामागे चेहरा दिसेल आणि त्याची दुआ मनातून निघेल.

अल्लाह आपल्या दुआंना कबुलियत देवो, आपल्या मस्जिदी आबाद ठेवो आणि आपल्याला शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालत जाण्याची तौफीक देवो. आमीन.